टीव्हीच्या रिमोटने मीडिया पीसी चालत नाही? बटण कुठे हरवतं ते आधी शोधा

टीव्हीला जोडलेल्या पीसीवर, चित्रपट-गाणी लावायच्या कोडी या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर बाण चालतात, पण ओके दाबलं की काहीच होत नाही. किंवा काल रात्रीपर्यंत सगळं सुरळीत होतं आणि आज एकही बटण लागत नाही. किंवा एकदा दाबलं की यादी दोन ओळी पुढे सरकते. तिन्ही वेळा आपण म्हणतो एकच, 'रिमोट चालत नाही'. पण तिन्हींची कारणं वेगळ्या ठिकाणी असतात.

बटण दाबल्यापासून पडद्यावरची चौकट हलेपर्यंत तो संदेश चार-पाच हातांतून जातो. रिमोट, मग हवा किंवा तार, मग रिसिव्हर, मग ऑपरेटिंग सिस्टीम आणि सगळ्यात शेवटी कोडीसारखं सॉफ्टवेअर. यातल्या नेमक्या कोणाकडे संदेश अडकला हे कळेपर्यंत एकही सेटिंग बदलू नका. अंदाजाने दहा सेटिंग बदलली की मूळ दोष तसाच राहतो आणि आपण नव्याने घातलेले दोष त्यात मिसळतात. मग जाणकारालाही काही उमगत नाही.

आधी मार्ग ओळखा

टीव्हीच्या रिमोटचं बटण पीसीपर्यंत दोन मार्गांनी पोहोचू शकतं. पहिला मार्ग: रिमोट टीव्हीशी बोलतो आणि टीव्ही तो निरोप एचडीएमआय केबलमधून पीसीला देतो. याला सीईसी म्हणतात. दुसरा मार्ग: पीसीला स्वतःचा इन्फ्रारेड रिसिव्हर लावलेला असतो आणि तो रिमोटचा प्रकाश थेट पकडतो. पीसीबरोबर मिळणारे, यूएसबी डोंगलवाले रिमोट रेडिओलहरींवर चालतात. तो तिसरा प्रकार वेगळा, त्याबद्दल पुढे थोडक्यात.

मोबाइलचा कॅमेरा इथे फार कामाचा. पुढचा, म्हणजे सेल्फीचा कॅमेरा उघडा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश मोबाइलच्या पडद्यावर जांभळट-पांढरा लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात बहुधा इन्फ्रारेड गाळणारी काच जास्त कडक असते, म्हणून पुढचाच वापरा. आता पॉवरचं बटण दाबून बघा, मग बाण दाबून बघा. पॉवरला उजेड दिसला आणि बाणांना दिसला नाही, तर तो रिमोट बिघडलेला नाही. अलीकडच्या अनेक टीव्हींचे रिमोट पॉवरसाठी इन्फ्रारेड आणि बाकी बटणांसाठी ब्लूटूथ वापरतात. अशा रिमोटसाठी पीसीला इन्फ्रारेड रिसिव्हर कितीही चांगला लावला तरी उपयोग नाही. तिथे सीईसी हाच रस्ता.

कुठल्याच बटणाला उजेड दिसत नसेल तर सेल बदला, आणि बदलताना स्प्रिंगकडे नीट बघा. अल्कलाइन सेल झिरपला की तिथे पांढरट-हिरवट थर चढतो आणि नवा सेल घातला तरी वीज पुढे जात नाही. कापसावर थोडं व्हिनेगर घेऊन थर पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून पूर्ण वाळू द्या. सेल उतरत चालले की रिमोट लगेच बंद पडत नाही, आधी त्याचा पल्ला कमी होतो. जवळून चालतो आणि सोफ्यावरून चालत नाही, तर पहिला संशय सेलवर घ्या.

सीईसी: एका तारेवरचा संवाद

एचडीएमआयच्या नेहमीच्या प्लगमध्ये १९ पिना असतात. त्यातली १३ क्रमांकाची पिन सीईसीची. चित्र आणि आवाज वेगळ्या पिनांवरून जातात, त्यामुळे चित्र झकास दिसतं आणि रिमोट मात्र चालत नाही, हे अगदी शक्य आहे. चित्र येतंय म्हणजे केबल ठीक आहे, हा निष्कर्ष इथे चालत नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. डेस्कटॉप किंवा लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टला ती १३ नंबरची पिन असते, पण बहुतेक ग्राफिक्स कार्डांमध्ये तिच्या मागे काहीच जोडलेलं नसतं. एनव्हिडिया, एएमडी, इंटेल, तिन्हींच्या सर्वसाधारण पीसी कार्डांची हीच गत. कोडीच्या सेटिंगमध्ये सीईसी सापडत नाही म्हणून लोक ड्रायव्हर पुन्हा पुन्हा बसवत राहतात, पण जे हार्डवेअरच नाही ते ड्रायव्हरने उगवत नाही. पीसीला सीईसी हवं असेल तर पल्स-एटसारखा यूएसबी-सीईसी ॲडॅप्टर लागतो. तो पीसी आणि टीव्ही यांच्यामधे एचडीएमआयवर बसतो, चित्र पुढे जाऊ देतो, सीईसीची तार स्वतःकडे घेतो आणि यूएसबीवरून पीसीला कळवतो. त्याची पीसीकडची आणि टीव्हीकडची बाजू ठरलेली असते, उलटी लावू नका. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकात मात्र सीईसी मुळातच आहे. पाय ४ ला दोन मायक्रो एचडीएमआय पोर्ट असतात, त्यातलं पॉवरच्या सॉकेटला लागून असलेलं पहिलं पोर्ट वापरा.

डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय करणारे बहुतेक छोटे कन्व्हर्टर सीईसी पुढे नेत नाहीत. एचडीएमआय स्विच आणि स्प्लिटर यांचंही तसंच, काही नेतात, काही गिळतात. तपासताना मधलं सगळं काढा आणि एकच केबल थेट टीव्हीला लावा.

टीव्हीच्या मेनूत 'सीईसी' हा शब्द शोधू नका, बऱ्याच वेळा तो नसतोच. सॅमसंग त्याला ॲनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिक व्हिएरा लिंक, फिलिप्स इझीलिंक, शार्प ॲक्वॉस लिंक. नावं निराळी, आतली गोष्ट एकच. सेटिंग चालू केल्यावर त्याच पानावर 'डिव्हाइस शोधा' किंवा यंत्रांची यादी असेल तर तीही उघडा. तिथे पीसी दिसला तर निम्मं काम झालं.

पत्ता चुकला की निरोप चुकतो

सीईसीमध्ये प्रत्येक यंत्राला दोन पत्ते असतात आणि बरेचसे चमत्कारिक दोष या पत्त्यांच्या घोळातून येतात.

पहिला पत्ता 'मी कोण' हे सांगतो. टीव्ही नेहमी ०. साउंडबार किंवा ॲम्प्लिफायर ५. प्लेबॅक यंत्रांसाठी ४, ८ आणि ११; पीसी प्लेबॅक यंत्र म्हणून नोंदला असेल तर त्यातला पहिला मोकळा क्रमांक घेतो, रेकॉर्डिंग यंत्र म्हणून नोंदला असेल तर बहुधा १.

दुसरा पत्ता 'मी कुठे लावलाय' हे सांगतो. टीव्हीच्या एचडीएमआय २ मध्ये थेट लावलेल्या पीसीचा पत्ता २.०.०.०. तोच पीसी एचडीएमआय २ वरच्या ॲम्प्लिफायरच्या पहिल्या इनपुटला असेल तर २.१.०.०. हा पत्ता पीसी टीव्हीकडून येणाऱ्या ईडीआयडी माहितीतून वाचतो. टीव्ही बंद असताना पीसी सुरू झाला तर काही वेळा ही माहिती मिळतच नाही आणि पत्ता एफ.एफ.एफ.एफ असा राहतो. त्याचा अर्थ 'पत्ता नाही'. रास्पबेरी पायवर हे विशेष दिसतं. आधी टीव्ही लावून मग पाय सुरू केला की चालतं आणि उलट क्रमाने चालत नाही, असं असेल तर कारण हेच.

पत्ता चुकीचा असेल तर पीसी सुरू होताच टीव्ही भलत्याच इनपुटवर उडी मारतो. कोडीमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, इनपुट, पेरिफेरल्स या वाटेने सीईसी ॲडॅप्टरच्या पानावर जा. तिथे एचडीएमआय पोर्टचा क्रमांक हाताने देता येतो, किंवा पूर्ण पत्ताच लिहिता येतो. पूर्ण पत्ता लिहिला की तो पोर्टच्या क्रमांकावर मात करतो, म्हणून दोन्ही ठिकाणी वेगवेगळं भरून ठेवू नका.

आणखी एक नियम लक्षात ठेवा: टीव्ही बटणांचे निरोप फक्त त्या यंत्राला देतो ज्याला तो सध्याचा 'ॲक्टिव्ह सोर्स' मानतो. चित्र पीसीचं दिसत असलं तरी टीव्हीच्या लेखी ॲक्टिव्ह सोर्स दुसराच कोणी असू शकतो, उदाहरणार्थ नुकताच जागा झालेला सेट-टॉप बॉक्स. लगेचचा उपाय म्हणजे रिमोटने दुसऱ्या इनपुटवर जाऊन परत पीसीच्या इनपुटवर येणं. कायमचा उपाय म्हणजे त्या दुसऱ्या यंत्राचं सीईसी बंद करणं. एका टीव्हीला चार सीईसी यंत्रं लावून चारही गुण्यागोविंदाने नांदतील अशी अपेक्षा ठेवणं अवघडच.

तारेवर काय चाललंय ते डोळ्यांनी बघा

अंदाज बांधण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. लिबसीईसी या सीईसी हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर सीईसी-क्लायंट नावाचा छोटा प्रोग्रॅम येतो, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर. चालवण्याआधी कोडी पूर्ण बंद करा, कारण ॲडॅप्टर एका वेळी एकाच प्रोग्रॅमच्या हातात राहतो. 'पोर्ट उघडता आलं नाही' ही तक्रार बऱ्याचदा एवढ्यामुळेच येते. लिनक्सवर तरीही ती आली तर तुमचा युजर ॲडॅप्टरचं सीरियल पोर्ट वापरू शकणाऱ्या गटात आहे का ते बघा. डेबियन आणि उबुंटूवर त्या गटाचं नाव डायलआउट. गटात घातल्यावर लॉगआउट करून परत लॉगिन करायला विसरू नका.

प्रोग्रॅम सुरू झाला की त्यात स्कॅनची आज्ञा द्या. तारेवर दिसणारी सगळी यंत्रं पत्त्यांसकट समोर येतात. मग टीव्हीच्या रिमोटचा वरचा बाण दाबा. सगळं ठीक असेल तर अशी ओळ उमटते:

>> ०४:४४:०१

दोन बाणांचा अर्थ निरोप आत आला. पहिला ० म्हणजे पाठवणारा टीव्ही, ४ म्हणजे घेणारा आपला पीसी (तो रेकॉर्डिंग यंत्र म्हणून नोंदला असेल तर इथे बहुधा १ दिसेल). ४४ म्हणजे 'बटण दाबलं' आणि ०१ म्हणजे वरचा बाण. ओकेला ००, खालच्या बाणाला ०२, डाव्याला ०३, उजव्याला ०४. बोट उचललं की ०४:४५ अशी दुसरी ओळ येते, म्हणजे 'बटण सुटलं'.

ही ओळ आली म्हणजे रिमोट, टीव्ही, केबल आणि ॲडॅप्टर चौघेही निर्दोष. दोष आता कोडीत शोधायचा. बाणांना ओळ येते आणि एखाद्याच बटणाला येत नाही, तर ते बटण टीव्ही पुढे पाठवतच नाही. होम, सेटिंग, इनपुट ही बटणं टीव्ही सहसा स्वतःकडेच ठेवतो. आवाजाची बटणं टीव्ही स्वतः वापरतो किंवा साउंडबारला देतो. त्यासाठी पीसीवर काहीही करून फायदा नाही. लाल, हिरवं, पिवळं, निळं ही बटणं मात्र अनेक टीव्ही पाठवतात. कोडीच्या कीमॅपमध्ये, म्हणजे कोणत्या बटणाने काय करायचं त्या यादीत, त्यातलं एक कॉन्टेक्स्ट मेनूला आणि एक सबटायटलला दिलं की रोजची बरीच कामं हाताशी येतात.

एकाही बटणाला ओळ येत नाही आणि स्कॅनमध्ये टीव्हीही दिसत नाही, तर टीव्ही, पीसी, साउंडबार सगळ्यांचे प्लग भिंतीतून काढा आणि पाच मिनिटं तसंच ठेवा. रिमोटने बंद केलेला टीव्ही खरा बंद नसतो. त्याची सीईसीची बाजू स्टँडबायमध्ये जागीच असते आणि तिथे अडकलेली अवस्था तशीच टिकते. वीज पूर्ण तोडल्यावरच ती पुसली जाते. 'काल चालत होतं, आज नाही' या तक्रारीवर मी हाच उपाय सर्वात आधी सुचवेन. परत जोडताना आधी टीव्ही, मग साउंडबार, शेवटी पीसी.

बटण दाबून ठेवल्यावर यादी अडखळत सरकते, यात मात्र दोष कोणाचाच नाही. सीईसीची तार मुळातच संथ. एका बिटला २.४ मिलिसेकंद, एका बाइटला दहा बिट, सुरुवातीची खूण ४.५ मिलिसेकंदांची. म्हणजे वरचा तीन बाइटांचा निरोप जायलाच साधारण ७७ मिलिसेकंद लागतात. त्यातून काही टीव्ही बटण दाबून ठेवलं तरी निरोप एकदाच पाठवतात. कोडीच्या सीईसी पानावर बटणाच्या पुनरावृत्तीचे आकडे मिलिसेकंदांत असतात. ते एका वेळी ५० ने बदलून बघा, एकदम मोठी उडी घेतली तर एका दाबात चार ओळी पळतात.

इन्फ्रारेड रिसिव्हर थेट पीसीला असेल तर

इथे तपासणी सोपी, पण घोटाळे वेगळे. पहिला घोटाळा म्हणजे तोच प्रकाश टीव्हीलाही दिसतो. तुम्ही पीसीसाठी बाण दाबता आणि टीव्हीचा मेनूही हलतो. म्हणून इन्फ्रारेडसाठी टीव्हीचाच रिमोट जसाच्या तसा वापरू नये. युनिव्हर्सल रिमोटला टीव्हीला न समजणाऱ्या एखाद्या यंत्राचा कोड द्या आणि पीसीला ते कोड शिकवा. फ्लर्कसारखा यूएसबी रिसिव्हर कोणत्याही रिमोटची बटणं शिकतो आणि पीसीला साधा कीबोर्ड असल्यासारखा दिसतो. शिकलेलं त्याच्या आतच साठवलेलं असल्यामुळे ड्रायव्हरची भानगड उरत नाही.

लिनक्सवर तपासायला आयआर-कीटेबल हा प्रोग्रॅम आहे. त्याची टेस्टची पद्धत चालू करून बटण दाबा. तीन शक्यता. काहीच उमटलं नाही, तर प्रोटोकॉल, म्हणजे रिमोटची सांकेतिक भाषा, चुकीचा निवडलेला असू शकतो. सगळे प्रोटोकॉल चालू करून पुन्हा बघा. नुसता स्कॅनकोड, म्हणजे बटणाचा कच्चा क्रमांक, उमटला आणि त्यापुढे कीचं नाव नाही, तर रिमोट पोहोचतोय, पण कोणत्या कोडला कोणती की हे सांगणाऱ्या तक्त्यात तो कोड नाही. तो तक्त्यात लिहा. स्कॅनकोड आणि कीचं नाव दोन्ही उमटले आणि तरी कोडी ढिम्म, तर गडबड पुढची आहे.

सुरुवातीला म्हटलेला 'बाण चालतात, ओके नाही' हा प्रकार बहुधा इथे सापडतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, रिमोटच्या ओकेचा क्रमांक ३५२ आहे. जुनी एक्स-११ डिस्प्ले पद्धत २५५ च्या वरचे की-क्रमांक पुढे नेऊच शकत नाही. बाणांचे क्रमांक लहान, म्हणून ते पोहोचतात आणि ओके वाटेत गळतो. तक्त्यात ओकेच्या जागी एंटर लिहा, त्याचा क्रमांक २८, की झालं. इन्फोचंही तसंच, त्याचा क्रमांक ३५८. त्याच्या जागी कीबोर्डवरचं आय हे अक्षर द्या, कोडीत त्याचा अर्थ इन्फोच आहे.

एका दाबात दोन पावलं पडत असतील तर एकच बटण दोन वाटांनी पोहोचतंय. कर्नल रिसिव्हरला कीबोर्ड समजून कोडीला कळवतो आणि शेजारी चालू असलेलं एलआयआरसी हे रिमोटसाठीचं जुनं सॉफ्टवेअरही तेच कळवतं. दोघांपैकी एक बंद करा. आज नवी जोडणी करताना एलआयआरसीची गरज सहसा पडत नाही, कर्नलच पुरेसा आहे.

रास्पबेरी पायला स्वतः रिसिव्हर जोडायचा असेल तर टीएसओपी ३८२३८ घ्या, तो ३८ किलोहर्ट्झचा आहे आणि ३.३ व्होल्टवर चालतो. त्याचा फुगीर भाग आपल्याकडे ठेवला की डावीकडून आउटपुट, ग्राउंड, पॉवर अशा त्याच्या पिना येतात. पॉवर रास्पबेरी पायच्या १ नंबरच्या पिनला, ग्राउंड ६ ला, आउटपुट १२ ला, म्हणजे जीपीआयओ १८ ला. पॉवर ५ व्होल्टच्या पिनला जोडू नका; मग आउटपुटवरही ५ व्होल्ट येतात आणि रास्पबेरी पायच्या जीपीआयओ पिना ३.३ च्या वर सहन करत नाहीत. कोणी दाबत नसताना कोड उमटत असतील तर पॉवरच्या तारेत १०० ओहमचा रोध आणि रिसिव्हरच्या पॉवर-ग्राउंड पिनांवर किमान ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. थेट ऊन आणि सीएफएल दिवे हेही असा गोंधळ करतात, त्यांच्या समोरून रिसिव्हर हलवा.

डोंगलवाल्या रेडिओ रिमोटबद्दल एवढंच: तो २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि यूएसबी ३ चं पोर्ट याच पट्ट्यात गोंगाट करतं. डोंगल यूएसबी २ च्या पोर्टला, अर्ध्या-एक मीटरच्या एक्स्टेंशनवर, पीसीच्या मागून पुढे आणून लावा.

झोपलेला पीसी रिमोटने उठत नाही

रिमोट सगळीकडे चालतो, फक्त पीसी जागा करत नाही, तर प्रश्न विजेचा आणि परवानगीचा. पीसी झोपल्यावरही यूएसबी पोर्टला वीज मिळायला हवी. बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, ईआरपी नावाचं सेटिंग चालू असेल तर बंद पीसीची स्टँडबाय वीज जवळजवळ पूर्ण तुटते, म्हणून ते बंद करा. यूएसबीवरून उठण्याचं सेटिंग असेल तर चालू करा. मग विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून रिसिव्हरच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये संगणक जागा करण्याची परवानगी द्या. लिनक्सवर त्या यूएसबी यंत्राच्या पॉवर फोल्डरमधली वेकअप फाइल 'एनेबल्ड' दाखवते का ते बघा. पीसी एका पोर्टवरून उठत नसेल तर दुसरं पोर्ट वापरून बघा, कारण सगळ्या पोर्टांना स्टँडबाय वीज मिळेलच असं नाही.

झोपलेला आणि पूर्ण बंद या दोन वेगळ्या अवस्था आहेत. पूर्ण बंद पीसी यूएसबीवरून सुरू करणं मदरबोर्डला जमत असेल तरच होतं, म्हणून रोजच्या वापरात शटडाउनऐवजी स्लीप ठेवा. कोडीच्या सीईसी पानावर 'टीव्ही बंद झाल्यावर काय करायचं' याचा पर्याय असतो, तिथे सस्पेंड निवडा. रास्पबेरी पाय मात्र शटडाउन केला की सीईसीवरून उठत नाही. त्याला वीज फार लागत नाही, तो चालूच ठेवा आणि त्याच पर्यायात 'काहीही करू नका' निवडा.